कृषी सेवा केंद्राचं बिलिंग आणि एसक्यूलाइटची फाइल: डेटाबेस बदलण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. मामांच्या कृषी सेवा केंद्रासाठी एकाने सी-शार्पमध्ये बिलिंगचा डेस्कटॉप प्रोग्रॅम लिहिला, डेटा एसक्यूलाइटमध्ये, म्हणजे सगळं एकाच फाइलमध्ये ठेवणाऱ्या डेटाबेसमध्ये. एकच कॉम्प्युटर होता तोवर सगळं सुरळीत होतं. मग दुसरा काउंटर झाला आणि डेटाबेसची फाइल डेस्कटॉपवरच्या शेअर्ड फोल्डरमध्ये गेली. आता खरिपाच्या गर्दीत बिल सेव्ह करताना खिडकी अर्धा मिनिट गोठते आणि ‘डेटाबेस इज लॉक्ड’ असा संदेश येतो. परवा वीज गेली, त्यानंतर ‘डिस्क इमेज इज मालफॉर्म्ड’, म्हणजे फाइल बिघडली. मामा रोज संध्याकाळी फाइल पेनड्राइव्हवर कॉपी करत होते, पण ती कॉपीही धड उघडत नाही. जाता जाता प्रश्न विचारणाऱ्याने हेही लिहिलंय की नवीन बिलाची खिडकी उघडली की लगेच ट्रान्झॅक्शन (सगळी लिखाणं एकत्र पूर्ण किंवा एकत्र रद्द होतात असा व्यवहार) सुरू होतं, म्हणजे बिल नंबर राखून ठेवला जातो. तर आता मायएसक्यूएलवर, म्हणजे वेगळा सर्व्हर लागणाऱ्या डेटाबेसवर, जावं का?

माझं उत्तर: आत्ता नको. दुखणं डेटाबेसचं नाही. मोठ्या कंपनीत सर्व्हरपाशी एक डीबीए, म्हणजे डेटाबेस सांभाळणारा माणूस, बसलेला असतो. तो बॅकअप घेतो, लॉक कुणी धरलाय ते बघतो, डिस्क भरली तर आरडाओरडा करतो. मामांच्या दुकानात ही कामं कोण करणार? एसक्यूलाइटसारखा एम्बेडेड (प्रोग्रॅमच्या आतच चालणारा) डेटाबेस वापरायचा म्हणजे डीबीएची नोकरी तुमच्या प्रोग्रॅमला द्यायची, आणि ती जागा तुमच्याकडे रिकामी आहे. मायएसक्यूएल आणलंत तर जागा रिकामीच राहील, वर एक सर्व्हिस सांभाळायची वाढेल.

एसक्यूलाइट जन्मालाच आलं ते या अडचणीतून. २००० साली रिचर्ड हिप अमेरिकन नौदलाच्या एका विनाशिकेसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅमवर काम करत होते. मागे इन्फॉर्मिक्स या डेटाबेसचा सर्व्हर होता. तो बंद पडला की पडद्यावर ‘डेटाबेसशी संपर्क होत नाही’ असं यायचं आणि दोष प्रोग्रॅमवाल्यांच्या माथी. म्हणून त्यांनी सर्व्हरच नको, थेट फाइल वाचा-लिहा, असा मार्ग काढला. जहाजावर जे लागू होतं ते बाजारपेठेतल्या खतांच्या दुकानालाही लागू होतं.

आधी तो अर्धा मिनिट. हा आकडा वाचला आणि निम्मं निदान तिथेच झालं. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट लायब्ररीत कमांड टाइमआउट मुळात ३० सेकंदांचा असतो. लॉक मिळेपर्यंत ती तेवढा वेळ पुन्हा पुन्हा प्रयत्न करते आणि मग हात टेकते. आता लॉक धरून कोण बसलं असेल? तुमचीच पहिली खिडकी. या लायब्ररीत ट्रान्झॅक्शन सुरू केलं की ते मुळातच ‘इमिजिएट’ प्रकारचं असतं, म्हणजे लिहिण्याचा हक्क त्याच क्षणी ताब्यात घेतलेला असतो. एसक्यूलाइटमध्ये एका वेळी लिहिणारा एकच. मामांनी बिल उघडलं, शेतकऱ्याने विचारलं, ‘युरियासोबत झिंक घेऊ का?’, त्यावर दहा मिनिटं चर्चा झाली, मध्ये चहा आला. तेवढा सगळा वेळ दुसऱ्या काउंटरवर बसणाऱ्या भाच्याला काहीही सेव्ह करता येणार नाही.

माणूस विचार करत असताना ट्रान्झॅक्शन उघडं ठेवायचं नाही, एवढा एकच नियम पाळा. बिल मेमरीत भरू द्या. ‘सेव्ह’ दाबल्यावर ट्रान्झॅक्शन सुरू करा, शेवटचा बिल नंबर वाचा, त्यात एक मिळवा, बिल लिहा, ओळी लिहा, साठा कमी करा, कमिट करा, म्हणजे सगळं पक्कं करा. हे सगळं काही मिलिसेकंदांत उरकतं. नंबर आधी राखून ठेवण्याचा हट्ट सोडा. अर्धवट सोडलेल्या बिलांमुळे क्रमांकात खड्डे पडतात ते वेगळंच. आणि कृपा करून ऑटोइन्क्रिमेंटच्या (डेटाबेस प्रत्येक ओळीला आपोआप देतो त्या) आकड्याला बिल नंबर म्हणू नका. तो टेबलाचा अंतर्गत व्यवहार आहे. साध्या इंटिजर प्रायमरी कीमध्ये (ओळीची ओळख असलेल्या पूर्णांकाच्या कॉलममध्ये) तर शेवटची ओळ डिलीट केली की तोच आकडा पुढच्या ओळीला पुन्हा मिळतो. जीएसटीच्या नियमाप्रमाणे बिलाचा क्रमांक सलग, जास्तीत जास्त १६ अक्षरांचा आणि त्या आर्थिक वर्षापुरता एकमेव असावा लागतो. मालिका मात्र एकाहून जास्त चालतात. म्हणून दोन काउंटरना ‘अ’ आणि ‘ब’ अशा दोन मालिका द्या, निम्मी मारामारी तिथेच संपेल.

दुसरं, शेअर्ड फोल्डर. फाइल बिघडण्यामागे मला मुख्य संशय याचाच आहे. एसक्यूलाइटचं सगळं इमान ऑपरेटिंग सिस्टिमच्या दोन वचनांवर उभं आहे: लॉक दिला म्हटलं की तो खरंच दिलेला असावा, आणि डिस्कवर लिहिलं म्हटलं की ते खरंच लिहिलेलं असावं. नेटवर्कवरच्या फाइलसाठी ही दोन्ही वचनं डळमळीत होतात. दोन कॉम्प्युटर एकाच वेळी ‘लॉक माझ्याकडे आहे’ असं समजून लिहितात आणि त्यातच वीज जाते. वॉल मोड (बदल आधी शेजारच्या वेगळ्या फाइलमध्ये लिहिण्याची पद्धत) चालू करून हे सुटेल असं कुणी सुचवलं असेल तर अजिबात ऐकू नका. वॉलसाठी सगळ्या प्रोसेसना एकच सामायिक मेमरी लागते, म्हणजे सगळ्या एकाच मशीनवर असाव्या लागतात. नेटवर्कवर तो चालत नाही.

मग दोन काउंटर कसे चालवायचे? मामांच्या गल्ल्याजवळच्या कॉम्प्युटरवर एक छोटी विंडोज सर्व्हिस, म्हणजे पडद्यामागे सतत चालणारा प्रोग्रॅम, बसवा. फाइल त्याच मशीनच्या आतल्या डिस्कवर, आणि ती उघडण्याचा अधिकार फक्त त्या सर्व्हिसला. दोन्ही काउंटरचे प्रोग्रॅम तिला एचटीटीपीने सांगतील: ‘हे बिल लिही’, ‘या मालाचा साठा सांग’. दोन-तीन दिवसांचं काम आहे आणि तुमच्या एसक्यूएलमधला बहुतेक भाग जसाच्या तसा राहील. त्या मशीनला राउटरमध्ये कायमचा आयपी पत्ता द्या, फायरवॉलमध्ये पोर्ट उघडा. एक खोच मात्र आहे. सर्व्हिसने बिल लिहिलं, पण उत्तर परत येताना केबल हलली, तर दुसरा काउंटर समजेल की बिल झालंच नाही आणि पुन्हा पाठवेल. एका शेतकऱ्याच्या नावावर दोन बिलं. त्यासाठी प्रत्येक बिलाला काउंटरवरच एक गाइड (जीयूआयडी, म्हणजे पुन्हा न येणारा लांबलचक ओळख-क्रमांक) द्या आणि त्या कॉलमवर युनिक इंडेक्स टाका, म्हणजे तोच क्रमांक दोनदा लिहिला जाणार नाही. तोच गाइड दुसऱ्यांदा आला की सर्व्हिसने पहिल्याच बिलाचा नंबर परत सांगायचा.

उद्या चार शाखा झाल्या, पंधरा जण एकाच वेळी लिहायला लागले, तर पोस्टग्रेस या सर्व्हरवाल्या डेटाबेसवर जरूर जा. दोन काउंटरसाठी ते म्हणजे शेळी बांधायला हत्तीचा साखळदंड.

वॉल मोड या नव्या रचनेत जरूर चालू करा, कारण आता फाइल एकाच मशीनवर आहे. त्यात लिहिणारा वाचणाऱ्यांना अडवत नाही. मामा महिन्याचा स्टॉक रिपोर्ट काढत बसले तरी बिलं थांबणार नाहीत. पण मुख्य फाइलच्या शेजारी आता आणखी दोन फाइली दिसतील, नावाच्या शेवटी ‘-वॉल’ आणि ‘-एसएचएम’ असलेल्या. ‘-वॉल’ म्हणजे कचरा नव्हे. कमिट झालेली ताजी बिलं आधी तिच्यात जातात आणि नंतर मुख्य फाइलमध्ये उतरतात. साधारण हजार पानं साठली की हे उतरवणं आपोआप होतं, म्हणजे चार एमबीच्या आसपास. कॉम्प्युटर ‘साफ’ करणारा कुणी उत्साही माणूस ती फाइल उडवेल तर आजची बिलं गेली. जुन्या मोडमधल्या ‘-जर्नल’ फाइलचंही तसंच. वीज गेल्यानंतर ती मागे राहिली असेल तर तीच अर्धवट व्यवहार परतवणारी असते. ती डिलीट करणं म्हणजे टाका घालायच्या आधीच दोरा कापणं.

सिंक्रोनस, म्हणजे लिखाण डिस्कवर पोचेपर्यंत थांबायचं की नाही, या सेटिंगबद्दल मी जरा जास्त बोलेन, कारण तिथे मी स्वतः हात भाजून घेतलाय. बऱ्याच वर्षांपूर्वी एका दूध संकलन केंद्रासाठी प्रोग्रॅम लिहिला होता. पहाटे साडेपाचला रांग लागायची. लिटर, फॅट, एसएनएफ, पावती, पुढचा माणूस. जुनी हार्ड डिस्क, प्रत्येक नोंदीला ती कण्हायची, आणि रांगेतले लोक माझ्याकडे बघायचे. मी सिंक्रोनस ‘ऑफ’ करून टाकलं. प्रोग्रॅम पळायला लागला, मीही खूश. ऑफ म्हणजे एसक्यूलाइट डिस्कची वाटच बघत नाही. लिहायला दिलं आणि पुढे गेलं. एका सकाळी मधोमध वीज गेली, आणि दहा दिवसांचं बिल काढायच्या आदल्या दिवशी फाइल बिघडली. केंद्राच्या सचिवांनी सवयीने वही चालू ठेवली होती म्हणून वाचलो. दोन दिवस त्या वहीवरून नोंदी टाइप केल्या.

पुढे लक्षात आलं की मंदपणाचं कारण सिंक्रोनस नव्हतंच. एका पावतीमागे मी सात-आठ वेगवेगळी लिखाणं करत होतो आणि प्रत्येकाला स्वतंत्र कमिट. मिनिटाला ७,२०० फेऱ्यांच्या डिस्कवर सेकंदाला साधारण ६० कमिट होतात, कारण डिस्कची थाळी फिरून यावी लागते. पण एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये त्याच सेकंदात हजारो इन्सर्ट बसतात. सगळी लिखाणं एका ट्रान्झॅक्शनमध्ये घातली असती तर काही बंद करायची वेळच आली नसती. तुम्ही बिलिंगसाठी सिंक्रोनस ‘फुल’ ठेवा, म्हणजे प्रत्येक कमिटला डिस्कची वाट बघितली जाईल. वॉलसोबत ‘नॉर्मल’ ठेवलं तर वीज गेल्यावर फाइल बिघडत नाही हे खरं, पण शेवटची काही कमिट झालेली बिलं मागे फिरू शकतात. ग्राहकाच्या हातात छापील बिल आणि आपल्याकडे नोंदच नाही, हे दुकानात परवडत नाही.

आता मामांचा पेनड्राइव्ह. प्रोग्रॅम चालू असताना एक्सप्लोररमधून केलेली कॉपी बॅकअप नसते. कॉपी चालू असताना मध्येच कुणी बिल सेव्ह केलं तर फाइलचा पहिला भाग आधीचा आणि शेवटचा भाग नंतरचा येतो. वॉल मोडमध्ये तर एकट्या मुख्य फाइलमध्ये आजची बिलं असतीलच असंही नाही. यावर दोन मार्ग आहेत. लायब्ररीतलं बॅकअप फंक्शन वापरा, किंवा २०१९ पासून असलेली ‘व्हॅक्यूम इन्टू’ ही कमांड. ती चालू डेटाबेसमधून एका क्षणाचं सुसंगत चित्र नव्या, आटोपशीर फाइलमध्ये उतरवते. दुकान बंद करताना सर्व्हिसनेच हे करावं, मामांनी काही दाबायची गरज नको. फाइलच्या नावात तारीख घाला. मग ती तयार झालेली फाइल उघडून त्यावर इंटिग्रिटी चेक (फाइल धड आहे का हे तपासणारी कमांड) चालवा आणि आजच्या बिलांची संख्या मूळ फाइलशी ताडून बघा. दोन्ही जुळलं तरच पडद्यावर हिरवी खूण. आठवडाभराच्या रोजच्या प्रती, प्रत्येक महिनाअखेरची एक, आणि ३१ मार्चची कायमची. पेनड्राइव्हवर आणि गुगल ड्राइव्हवर ही तयार प्रत जाऊ द्या, चालू फाइल कधीही नको. सिंक करणारे प्रोग्रॅम फाइल मध्येच धरतात, किंवा मुख्य फाइल आणि वॉल वेगवेगळ्या वेळी उचलतात.

इथेच जागेचाही मुद्दा येतो. तुमची फाइल डेस्कटॉपवर आहे. आजकाल विंडोजमध्ये डेस्कटॉप फोल्डर बरेचदा गुपचूप वनड्राइव्हकडे गेलेला असतो, एकदा तपासा. प्रोग्रॅम फाइल्समध्येही ठेवू नका. तिथे साध्या युजरला लिहायची परवानगी नसते, आणि जुन्या ३२-बिट प्रोग्रॅमच्या बाबतीत विंडोज ते लिखाण परस्पर व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या दुसऱ्याच फोल्डरात वळवतं. मग एका युजरला कालची बिलं दिसतात, दुसऱ्याला दिसत नाहीत, आणि तुम्ही रात्रभर कोड वाचत बसता. प्रोग्रॅमडेटाखाली स्वतःचा फोल्डर करा, परवानग्या फक्त सर्व्हिसच्या खात्याला द्या.

बॅकअप परत घालणं हा भाग लोक लिहितच नाहीत, आणि लिहिला तर गडबडीत लिहितात. सगळी कनेक्शन बंद करा. डॉटनेटमध्ये नुसतं क्लोज पुरत नाही. सहाव्या आवृत्तीपासून लायब्ररी बंद केलेली कनेक्शन पुन्हा वापरण्यासाठी पूलमध्ये धरून ठेवते, म्हणून सगळे पूल रिकामे करणारं फंक्शन आधी बोलवावं लागतं, नाहीतर ‘फाइल दुसरं कुणीतरी वापरतंय’ हे ऐकावं लागतं. मग जुनी फाइल तिच्या वॉल आणि एसएचएमसकट बाजूला हलवा. डिलीट नाही, हलवा. नव्या फाइलशेजारी जुनी वॉल चुकून राहिली तर एकाची बिलं दुसऱ्याच्या खात्यात घुसल्यासारखं होईल.

आत्ताच्या बिघडलेल्या फाइलचं काय? आधी ती आणि तिच्या शेजारच्या सगळ्या फाइली जशाच्या तशा दुसरीकडे कॉपी करा, प्रयोग फक्त कॉपीवर. इंटिग्रिटी चेक चालवा. ‘इंडेक्समध्ये ओळ सापडत नाही’ अशाच तक्रारी असतील तर नशीब चांगलं आहे. रीइंडेक्स केलं, म्हणजे इंडेक्स (शोधासाठीची सूची) नव्याने बांधला, की बहुधा भागतं, मूळ ओळी शाबूत असतात. त्याहून जास्त बिघाड असेल तर एसक्यूलाइटच्या कमांड लाइन टूलमध्ये ‘रिकव्हर’ आहे. ते पान न् पान वाचून जे हाती लागेल ते नव्या फाइलसाठी एसक्यूएलच्या रूपात बाहेर काढतं. बिघडलेल्या फाइलवर व्हॅक्यूम (फाइल नव्याने आटोपशीर लिहिणारी कमांड) चालवायचा मोह टाळा. जे परत येईल ते छापील बिलांच्या दुसऱ्या प्रतीशी ताडून बघा, विशेषतः शेवटचे दोन-तीन दिवस.

पुढच्या आवृत्त्यांसाठी आत्ताच सोय करा. प्रत्येक एसक्यूलाइट फाइलच्या हेडरमध्ये ‘युझर व्हर्जन’ नावाचा एक आकडा तुमच्यासाठी मोकळा ठेवलेला असतो. प्रोग्रॅम सुरू झाला की तो वाचा. फाइल ४ वर आणि प्रोग्रॅम ७ वर असेल तर आधी बॅकअप, मग ५, ६, ७ असे एकेक बदल, प्रत्येक बदल आणि त्याचा नवा आकडा एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये. टेबल बनवणं किंवा बदलणंसुद्धा इथे ट्रान्झॅक्शनमध्ये बसतं, बिनसलं तर पूर्ण मागे फिरतं. मायएसक्यूएलमध्ये अशी कमांड आली की कमिट परस्पर होऊन जातं, हे तिकडे जायला निघालेल्यांनी लक्षात ठेवावं. फाइलचा आकडा प्रोग्रॅमपेक्षा मोठा दिसला तर उघडायलाच नकार द्या. कुणीतरी जुना सेटअप पुन्हा टाकलेला असतो. फॉरिन की तपासणी (बिलाची ओळ खरंच असलेल्या बिलाकडेच बोट दाखवते ना, हे बघणं) मुळात बंद असू शकते, म्हणून प्रत्येक कनेक्शनवर वेगळी चालू करा. टेबल नव्याने बांधताना ती तात्पुरती बंद करायची तर ट्रान्झॅक्शन सुरू होण्याआधीच, कारण आत तो आदेश काही न बोलता दुर्लक्षिला जातो.

पैसे पैशांतच ठेवा, म्हणजे ₹२६६.५० हे २६६५० असं पूर्णांकात. एसक्यूलाइटमध्ये डेसिमल हा प्रकार नाही. कॉलमला तसं नाव दिलंत तरी आत बहुधा फ्लोट (अंदाजे साठवलेला अपूर्णांक) बसतो, आणि वर्षअखेरीला सीए चार पैशांचा फरक दाखवतो. वजन ग्रॅममध्ये, औषध मिलिलिटरमध्ये. २०२१ पासून ‘स्ट्रिक्ट’ (कॉलमचा प्रकार सक्तीने पाळणारी) टेबल मिळतात, नव्या टेबलांसाठी तीच वापरा. नाहीतर आकड्याच्या कॉलममध्ये ‘दोन पोती’ हा मजकूरही आनंदाने साठवला जातो.

मराठी नावांवर तुम्ही काही विचारलं नाही, पण शेतकऱ्यांची खाती देवनागरीत असणार, म्हणून सांगतो. ‘गोऱ्हे’ मधला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो: ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडक. पडद्यावर सारखेच दिसतात, डेटाबेसला दोन वेगळे माणूस वाटतात. ॲ चंही तसंच. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन हे जुळवत नाही. म्हणून शोधासाठी एक वेगळा कॉलम ठेवा आणि त्यात स्वतःच्या नियमांनी एकसारखं केलेलं नाव भरा. क्रमवारीही बिघडते: युनिकोडमध्ये ळ हा ल च्या लगेच पुढे आहे, त्यामुळे ‘काळे’ हे ‘कासार’च्या आधी येतात. आपल्या वर्णमालेत ळ ह च्या पुढे. डॉटनेटमधून स्वतःचं कोलेशन (क्रमवारीचा नियम) नोंदवून हे सुधारता येतं. आणि पूर्ण-मजकूर शोधासाठी एसक्यूलाइटचं एफटीएस-५ घेतलंत तर त्याचा नेहमीचा टोकनायझर (मजकुराचे शब्द पाडणारा भाग) काना-मात्रा-वेलांट्यांना अक्षर मानतच नाही, तिथेच शब्द तोडतो. टोकनायझरच्या कॅटेगरीजमध्ये एमएन आणि एमसी हे (युनिकोडमधले अशा खुणांचे) दोन वर्ग जोडले की मग शब्द अखंड राहतात.

आकाराची काळजी सोडा. दिवसाला ३०० बिलं, प्रत्येकी पाच ओळी, ओळीला १०० बाइट धरले तर दिवसाला दीडशे केबी. वर्षाचे कामाचे ३०० दिवस धरून ४५ एमबी, इंडेक्ससकट दुप्पट म्हणा. एसक्यूलाइटला हे जाणवणारही नाही. त्यामुळे ‘जुनी बिलं उडवा’ असं बटण देऊच नका; जीएसटीच्या कायद्याने हिशोब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपायचे असतात.

कामाचा क्रम असा ठेवा. आज रात्री प्रोग्रॅम बंद करून सगळ्या फाइलींची कॉपी. उद्या ट्रान्झॅक्शन ‘सेव्ह’च्या आत हलवा, तेवढ्यानेच लॉकच्या बहुतेक तक्रारी थांबतील. सर्व्हिस तयार होईपर्यंत दुसऱ्या काउंटरला बिलबुक द्या आणि संध्याकाळी ती बिलं गल्ल्यावरच्या मशीनवर चढवा. भाचा कुरकुर करेल, करू दे. आणि त्या मशीनला एक यूपीएस घ्यायला मामांना सांगा, बॅटरी जुनी असेल तर नवी टाकून.